नव्याण्णव

मटार सोलायला बसलं की आमच्या घरात गप्पांना ऊत येतो. गेल्या महिन्यात भाची चार दिवस राहायला आली होती. बी. ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे, विषय मानसशास्त्र. एका हाताने शेंगा आणि दुसऱ्या हाताने मोबाईल असं तिचं चाललं होतं. पुढच्या प्रवेशांसाठी बायोडाटा तयार करत होती. मध्येच म्हणाली, "आत्या, यात रिसर्च असिस्टंट लिहिलं तर खोटं होईल का गं? मी फक्त एन्ट्री केलीय. दोनशे दहा फॉर्म. बाकी सगळं मॅडमनीच केलं." शेंगेत एक अळी निघाली होती, ती कागदावर झटकत मी म्हटलं, "लिही गं. सगळेच लिहितात." तिने लगेच लिहिलंही. मटार संपले, साली गच्चीतल्या खताच्या डब्यात गेल्या, उसळ झाली, सगळ्यांनी ओरपली. पण रात्री ओटा पुसताना माझंच वाक्य मला परत ऐकू आलं आणि घशाशी आल्यासारखं झालं. बिल न घेता माल नेणारा माणूस असं बोलतो. सगळेच नेतात. तिने विचारलं होतं वेगळंच, आणि तिच्या वाक्यातला 'फक्त' मी कानाआड केला होता. तोच शब्द एकदा मीही वापरला होता. एका जिन्यात, एका म्हाताऱ्या माणसासमोर.

ही गोष्ट २००९ची आहे. मी पुण्यात एस. वाय.ला होते. कॉलेजच्या फळ्यावर एक चिठ्ठी लागली: पीएच.डी.च्या कामासाठी विद्यार्थी सहायक हवेत, मराठी चांगलं हवं, मानधन नाही, अनुभवाचं पत्र मिळेल. आम्ही सात जणी गेलो. सातही जणींना क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं होतं. त्या वयात हा शब्द उच्चारला तरी पाठीचा कणा ताठ होतो. बी. ए., मग एम. ए., मग दोन वर्षांचं एम. फिल., मग भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी, आणि मग कुठे दारावर पाटी, हा सगळा हिशोब आम्हाला तोंडपाठ होता. एम. फिल.च्या जागा किती कमी असतात तेही माहीत होतं. तिथल्या मुलाखतीत 'आधी काय काम केलंय' असं विचारतात, असं कुणीतरी कुणाकडून तरी ऐकलं होतं. म्हणून गेलो. ज्ञानाची तहान वगैरे नंतरची गोष्ट, आधी पत्राची होती. (आता ते एम. फिल.च मोडीत निघालं आहे. यूजीसीने २०२२ साली बंद केलं आणि क्लिनिकलपुरतं २०२५-२६पर्यंत ओढत नेलं. आमच्या हिशोबातली एक पायरीच काढून घेतली.)

ज्यांची ती पीएच.डी. होती त्या आमच्या मॅडमचा विषय होता मधुमेह आणि नैराश्य. त्यामुळे मनोविकारांच्या विभागात बसायला मिळेल ही आमची आशा पहिल्याच दिवशी संपली. आमची जागा मधुमेहाच्या ओपीडीबाहेर, लांब बाकांवर. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी सातपासून लोक केसपेपर काढायला उभे असायचे. उपाशीपोटी रक्त द्यायचं, मग काहीतरी खाऊन दोन तास थांबायचं, मग परत रक्त. ते दोन तास आमचे. फिनेलचा वास, ओल्या छत्र्या, स्टीलच्या डब्यातली गार चपाती-भाजी, आणि दंडाच्या घडीत कापसाचा बोळा दाबून बसलेली पन्नास-साठ माणसं. आम्ही ओढणी सावरत, छातीशी पॅड धरून एकेकाशेजारी जाऊन बसायचो. संमतीपत्रक वाचून दाखवायचं. ते ऐकून लोक घाबरायचे. एका काकांनी कागद उलटसुलट करून विचारलं होतं, "सही करतो, पण सातबाऱ्यावर काय चढणार नाही ना?" ज्यांना सही येत नसे त्यांचा अंगठा घ्यायचा आणि शेजारच्या कुणाची तरी साक्षीदार म्हणून सही. ती निळी शाई आमच्या बोटांना लागायची आणि दुपारी डबा खाताना दिसायची.

प्रश्नावली म्हणजे नैराश्य मोजणारी पीएचक्यू-नाइन. नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस. पाच ते नऊ सौम्य, दहा किंवा त्याच्या पुढे गेलं की लक्ष द्यायचं. २००१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेली ही एवढीशी प्रश्नावली आता जगभर वापरतात. आमच्या हातात तिची मराठी प्रत होती. कागदावर ती इतकी सोपी दिसायची की दहा मिनिटांत एक याप्रमाणे सकाळभरात बारा फॉर्म होतील असं आम्ही ठरवलं होतं. पहिल्या दिवशी माझे तीन झाले.

कारण प्रश्न विचारायचे 'गेल्या दोन आठवड्यांत' असं म्हणून, आणि आठवडा कुणाच्याच डोक्यात नव्हता. लोक सांगायचे एकादशीपासून, सून माहेरी गेल्यापासून, कांदा काढल्यापासून. शेवटी मॅडमनीच युक्ती सांगितली: मागचे दोन बाजार म्हणा. बाजाराचा वार प्रत्येकाला ठाऊक असतो. मग उत्तरांचे चार पर्याय. 'अजिबात नाही' आणि 'जवळजवळ रोज' ही दोन टोकं जमायची, पण 'अर्ध्याहून अधिक दिवस' म्हटलं की माणूस माझ्याकडे असा बघायचा, जणू मी व्याजाचा दर विचारलाय. झोपेचा प्रश्न विचारला की, "झोप कुठली, लघवीला चारदा उठायला लागतं." आता हे नैराश्य की साखर? थकवा, भूक, झोप, तिन्ही खाती दोन्ही आजारांची. मॅडमच्या अख्ख्या प्रबंधाची गोम हीच होती, पण ती मला फार उशिरा कळली. मी तेव्हा चौकोनात टिक कुठे करायची या विवंचनेत. सातव्या प्रश्नात पेपर वाचताना किंवा टीव्ही बघताना लक्ष लागतं का असं होतं. एक आजी म्हणाल्या, "वाचाया येत न्हाई, टीव्ही नातू बघू देत न्हाई." मग भजनात लक्ष लागतं का, असं विचारायचं ठरलं. आणि सहावा. आपण स्वतःला किंवा घरच्यांना मान खाली घालायला लावली असं वाटतं का? नवऱ्याबरोबर आलेल्या एका बाईंनी तो ऐकला आणि अगदी सहज म्हणाल्या, "ते तर लग्न झाल्यापासनं." नवरा लगेच म्हणाला, "तिला काय कळतंय, मी सांगतो ना, लिहा तुम्ही." मी काय लिहिलं ते आठवत नाही. आठवत नाही म्हणजे बहुधा त्याचंच लिहिलं असावं.

दुपारी कॉलेजच्या खोलीत दुसरं काम असायचं, उलट भाषांतराचं. काळजी मोजणारी एक प्रश्नावली मॅडमच्या ओळखीच्या कुणीतरी मराठीत आणली होती. आम्ही मूळ इंग्रजी न बघता ती परत इंग्रजीत करायची, म्हणजे अर्थ कुठे निसटला ते कळतं. एका वाक्यात 'जीव टांगणीला लागल्यासारखं वाटणं' असं होतं. आमच्यातल्या एकीने त्याचं इमानेइतबारे 'लाइफ इज हँगिंग' केलं. मॅडम चष्मा काढून हसल्या. पुढे कितीतरी दिवस परीक्षेच्या आधी आम्ही एकमेकींना विचारायचो, काय गं, लाइफ हँगिंग का?

आमच्यात लातूरकडची एक होती. तिचे फॉर्म सगळ्यात कमी व्हायचे आणि सगळ्यात पक्के असायचे. ती आधी पावसाचं विचारायची. मग डब्यात काय आणलंय. मग स्वतःच्या आजीची साखर किती असते ते सांगायची. पॅड मांडीवर उलटं ठेवलेलं. समोरचा स्वतःहून झोपेवर आला की हळूच सुलटं करायची. आम्हाला वाटायचं, ही वेळ घालवते. मॅडमनी एकदाही तिला घाई केली नाही, हे मला आत्ता लिहिताना लक्षात येतंय. दिवाळीनंतर ती आली नाही. मेसचं बिल थकलं होतं, एका दुकानात सकाळची नोकरी धरली. पत्रासाठी शंभर तास लागायचे, तिचे ऐंशीच्या आसपास झाले होते. तिला पत्र मिळालं नाही. मला मिळालं, कारण मला घरचा डबा होता आणि बसचा पास वडील काढून द्यायचे. या एका गोष्टीचा राग मला तेव्हा यायला हवा होता, तो पस्तिशी उलटल्यावर आला. अमेरिकेत असलेली माझी आतेबहीण सांगते की तिकडेही पोरं प्रोफेसरांच्या लॅबमध्ये क्रेडिटसाठी नाहीतर फुकट राबतात, पदवीनंतर वर्ष-दोन वर्षं पूर्ण वेळ असिस्टंट म्हणून काढतात आणि मग पीएच.डी.ला अर्ज करतात. म्हणजे तिथेही कुणाला परवडतं हा प्रश्न आहेच. आपल्याकडे तर आता मुलांनीच पैसे भरायच्या ऑनलाइन इंटर्नशिपा निघाल्यात. पंधरा दिवसांत सर्टिफिकेट. भाचीच्या मोबाईलवर त्यांच्या जाहिराती सारख्या येत असतात.

असो. नववा प्रश्न सांगायचा राहिला.

नववा प्रश्न मरणाचा आहे. मेलेलं बरं, किंवा स्वतःला काही इजा करून घ्यावी, असे विचार मनात येतात का? पहिल्या दिवशी मॅडमनी आम्हाला फक्त त्या एका प्रश्नावर तासभर बसवलं होतं. आवाज बदलायचा नाही. घाईने उरकायचा नाही. 'असं काही नाही ना?' असं विचारायचं नाही, कारण मग नाहीच ऐकायला मिळतं. आणि उत्तर एक, दोन किंवा तीन आलं तर पेन खाली. एकीने शेजारी बसून राहायचं, दुसरीने मॅडमना बोलावून आणायचं. शून्य असेल तर आभार मानायचे आणि पुढचा माणूस. नियम स्पष्ट होता, आम्ही वहीत चौकट करून लिहून घेतला होता. त्यात न बोलणाऱ्या माणसाची सोय नव्हती.

ते काका दौंडच्या पलीकडून पहाटेच्या गाडीने आले होते. पांढरा सदरा, खिशाला पेन, टोपी मांडीवर. सही झोकात केली. आठ प्रश्नांची उत्तरं त्यांनी शाळेतल्या तोंडी परीक्षेसारखी दिली, अगदी पर्यायांच्या शब्दांत. मला फार बरं वाटलं, इतका सरळ फॉर्म माझ्या वाट्याला कधी आला नव्हता. नववा मी बरोबर शिकवल्यासारखा विचारला. ते खिडकीकडे बघायला लागले. खिडकीबाहेर पाण्याची टाकी होती, तिच्यावर दोन कावळे. मग टोपी डोक्यावर घातली, नीट केली, आणि म्हणाले, "पुढचा विचारा." मी म्हटलं, "काका, हाच शेवटचा." ते म्हणाले, "मग झालं." आतून सिस्टरने नावं पुकारायला सुरुवात केली आणि ते उठून रांगेत गेले. मी त्या चौकोनापुढे छोटी आडवी रेघ मारली. रकान्यात टिक नाही, म्हणजे उत्तर नाही. उत्तर नाही म्हणजे एक नाही, दोन नाही, तीन नाही. त्या दिवशी माझे सात फॉर्म झाले, तो माझा विक्रम होता.

कोरं सोडलेलं उत्तर संगणकात भरताना आम्ही नव्याण्णव टाकायचो. रिकामी जागा ठेवली तर भरायची राहिली की माणसाने सोडली हे कळत नाही. आणि उत्तरं शून्य ते तीनच असल्यामुळे नव्याण्णवची गल्लत कशाशी होत नाही. फॉर्म दोन वेळा भरायचे, दोन वेगळ्या मुलींनी, मग दोन्ही याद्या ताडून बघायच्या. एन्ट्री म्हणजे शुद्ध कंटाळा. कॉलेजच्या लॅबमध्ये पंखा कटकट वाजायचा, कीबोर्डवरचा तीनचा आकडा झिजून गेला होता. एक जण वाचायची, दुसरी टंकायची, पाढ्यांसारखा सूर लागायचा. एक, एक, दोन, दोन, एक, शून्य, एक, शून्य, नव्याण्णव. पुढचा.

सगळे भरून झाल्यावर मॅडमनी बेरजेचा रकाना केला आणि मोठा आकडा वर येईल असं लावलं. पहिल्याच ओळीत आकडा आला एकशे सात. सत्तावीसपैकी एकशे सात! नव्याण्णव म्हणजे 'उत्तर नाही' हे एक्सेलला सांगायचं राहिलं होतं, त्याने भोळेपणाने आठात नव्याण्णव मिळवले. आम्ही सगळ्या हसलो. मॅडमही हसल्या आणि त्यांनी ती ओळ शेवटपर्यंत सरकवत नेली. नववा रकाना आला तशा थांबल्या. "हा कुणी घेतला?" फॉर्मवर नाव नसतं, क्रमांक असतो, आणि घेणारीची आद्याक्षरं. माझी होती. "त्यांनी सोडला की तू विचारला नाहीस?" मी म्हटलं, विचारला. सोडला. मॅडमनी तारीख बघितली. नऊ दिवस झाले होते.

त्या मला एक शब्द बोलल्या नाहीत, ते अजून सलतं. नव्याण्णव गाळले असते तर त्या माणसाची बेरीज आठ होती. आठ म्हणजे सौम्य. दहाच्या खाली. आमच्या तक्त्यात तो निवांत बसला असता, कुणाच्या नजरेत आला नसता. संमतीपत्रकाच्या मागे शेजाऱ्याचा फोन नंबर होता. मॅडमनी लावला, कुणीतरी बोलावून आणायला गेलं, त्या रिसीव्हर कानाला लावून उभ्या राहिल्या. आम्हाला बाहेर जायला सांगितलं. दाराच्या काचेतून त्यांची पाठ दिसत होती आणि मधूनच 'हं' ऐकू यायचं. वीस-पंचवीस मिनिटं. बाहेर आल्या आणि एवढंच म्हणाल्या, "मंगळवारी येतायत. तू थांब त्यांच्याबरोबर." काय बोलणं झालं ते मी तेव्हाही विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. त्या संध्याकाळी आमच्या वहीतल्या चौकटीत एक ओळ वाढली: नववा सोडला तर होय समजा.

नंतर मी गुपचूप सगळे फॉर्म चाळले. नवव्यापुढे आडवी रेघ असलेले आणखी चार निघाले. मॅडमनी त्या चौघांनाही फोन केले. लातूरवालीच्या फॉर्मांमध्ये एकही नव्हता.

मंगळवारी ते आले. तोच सदरा. मनोविकारांची ओपीडी पहिल्या मजल्यावर, लिफ्ट फक्त स्ट्रेचरसाठी. जिन्याच्या मधल्या वळणावर ते दम घ्यायला थांबले आणि म्हणाले, "तुम्ही डॉक्टर होणार का?" मी म्हटलं, "नाही हो काका, मी फक्त कागद भरते." त्यांनी मान हलवली. "बरंय," म्हणाले, आणि कठड्याला धरून पुढची पायरी चढले. वर बाकावर आम्ही शेजारी बसलो तास-दीड तास. मी पावसाचं विचारलं. ते सविस्तर बोलले, विहिरीचं, मोटारीचं, जळलेल्या वायंडिंगचं. सहा आठवड्यांनी पुन्हा भरायच्या फॉर्मची पाळी माझ्याकडे नव्हती, पण त्यांचा क्रमांक मला पाठ होता. नवव्यापुढे शून्य होता. त्या शून्याकडे मी बराच वेळ बघत बसले. खरा शून्य की मला बरं वाटावं म्हणून दिलेला, ते कागदावर कळत नाही.

मी पुढे क्लिनिकल केलं नाही. त्या प्रसंगामुळे असं म्हणायला छान वाटेल, पण कारण साधं आहे: एम. ए.नंतर दोनदा प्रवेश परीक्षेत आपटले, मग बँकेची दिली आणि पास झाले. आता कर्जाचे फॉर्म भरून घेते. लोक रिकामा रकाना सोडतात तेव्हा मी अजूनही थांबते, सहकाऱ्यांना त्याचा वैताग येतो. मॅडमचा पेपर छापून आला, शेवटी 'सहकार्य करणाऱ्या विद्यार्थ्यांचे आभार' अशी ओळ होती. मी ती माझ्या आईला दाखवली होती. त्यात माझं नाव कुठे आहे, हे ती शोधत राहिली.

बंगळूरच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं, बारा राज्यांत. त्या बारांत महाराष्ट्र नव्हता. तो अहवाल मी चाळला तेव्हा माझं लक्ष टक्केवारीवर ठरेना. एवढ्या हजारो घरांत जाऊन कुणी विचारलं असेल, कुणाच्या बोटांना शाई लागली असेल, कुठल्या बाजाराच्या वारावरून त्यांनी दिवस मोजले असतील, असलंच काहीतरी मनात येत राहिलं.

भाची परत गेल्यावर आठवड्याने मी तिला फोन केला. ती हॉस्टेलच्या गच्चीवर कपडे वाळत घालत होती, वाऱ्याचा आवाज येत होता. "आत्या, ते सीव्हीचं झालं, पाठवला मी," म्हणाली. मी विचारलं, तुमच्या फॉर्ममध्ये मरणाचा प्रश्न होता का? होता म्हणाली, पीएचक्यूच होती. कागदावर की गूगल फॉर्म? कागदावर, वस्त्यांमध्ये जाऊन भरून आणलेले. बरं झालं म्हटलं मनात. गूगल फॉर्मवर लाल चांदणी लावलेली असली की उत्तर दिल्याशिवाय पुढे सरकताच येत नाही. तिथे खिडकीबाहेर बघत बसलेल्या माणसानेही काहीतरी निवडलेलंच असतं.

"आणि कुणी तो प्रश्न सोडला असेल तर?"

"तर काय, नव्याण्णव."

"ते कुणी बघितले का नंतर?"

ती गप्प झाली. बादली खाली ठेवल्याचा आवाज आला, मग पायऱ्या उतरल्याचा, मग लॅपटॉप सुरू झाल्याची ती ओळखीची धून. मी फोन कानाला धरून ओट्यापाशी उभी होते. मिनिटभराने मी विचारलं, "किती आहेत गं?"

"थांब ना आत्या," ती म्हणाली, "मोजतेय."